नियम बदलले, मग माझं काय? कस्टम्स ब्रोकरच्या परवान्याची पात्रता

फेब्रुवारीत हळदीचे सौदे रंगात आले की सांगलीच्या मार्केट यार्डात आमच्या पेढीवर टेकायला जागा उरत नाही. मी तिथं निर्यातीची कागदपत्रं बघतो. इन्व्हॉइस, पॅकिंग लिस्ट, फायटोचा म्हणजे मालात कीड-रोग नसल्याचा दाखला, बँकेची कागदं. अशाच एका दुपारी तासगावकडचा एक मुलगा आला. न्हावा शेवा बंदरावर एका सीएचएकडं, म्हणजे लोकांचा माल कस्टम्समधून सोडवून देणाऱ्या एजंटकडं कामाला आहे, घरच्या लग्नासाठी गावी आला होता. त्यानं पाकिटातून एक कार्ड काढलं आणि माझ्या वहीवर ठेवलं. प्लास्टिकच्या कडा उसवलेल्या, फोटो घामानं फिकटलेला. कस्टम्सचं जी कार्ड, एजंटच्या वतीनं काम करायचं ओळखपत्र. पुढं स्वतःचा परवाना काढायचं त्याच्या मनात होतं.

"काका, आमच्यात बोलतात, परवान्याचे नियम परत बदलणार म्हणून. मी बी.कॉम. झालोय, कार्ड आहे, दोन वर्षं भरत आलीत. उद्या म्हणाले पाच वर्षं पाहिजेत, तर माझं काय हो?"

त्याला मी उभ्या उभ्या जे सांगितलं ते अर्धवट होतं. हा लेख म्हणजे त्याला बसवून नीट द्यायचं राहिलेलं उत्तर आहे. सांगली, मिरज, तासगाव, पलूस भागातली बरीच पोरं उरण-पनवेलला खोली घेऊन हे काम करतात आणि बहुतेकांच्या मनात हाच प्रश्न असतो, म्हणून सगळ्यांसाठी लिहितोय.

आधी हा परवाना कशाचा, ते बघू. आपल्याकडची हळद किंवा द्राक्षं कंटेनरमधून परदेशी जायची तर कस्टम्सकडं शिपिंग बिल, म्हणजे निर्यातीचं विवरण दाखल करावं लागतं. मालाचा नेमका क्रमांक त्यात लिहावा लागतो. हळदीचा ०९१० ३०. तासगावचा द्राक्षाचा घोस ताजा गेला तर ०८०६ १०, त्याच घोसाचा बेदाणा झाला की ०८०६ २०. क्रमांक चुकला की सवलत चुकते, कधी माल अडतो, आणि रीफर म्हणजे थंड कंटेनरमधली द्राक्षं अडली तर तासातासाला पैसा जातो. मग तपासणी, शंका-समाधान आणि शेवटी लेट एक्सपोर्ट ऑर्डर, म्हणजे माल बाहेर पाठवायची परवानगी. आपला स्वतःचा माल कुणीही स्वतः सोडवू शकतो, त्याला परवाना लागत नाही. पण दुसऱ्यांचा माल सोडवून देण्याचा धंदा करायचा असेल तर सीमाशुल्क कायदा १९६२ च्या कलम १४६ प्रमाणं परवाना हवाच. पूर्वी या माणसाला कस्टम हाउस एजंट म्हणत. २०१३ मध्ये कायद्यातला शब्द बदलून कस्टम्स ब्रोकर झाला. बंदरावर मात्र अजून सगळे सीएचए असंच म्हणतात.

ब्रोकरकडं काम करणाऱ्यांची कार्डं असतात. एच कार्ड मदतनिसाचं, कागद पोचवणं-आणणं, अशा कामाचं. जी कार्ड वरचं. ते मिळवायला कस्टम्सच्या कार्यालयात परीक्षा द्यावी लागते, आणि मग ब्रोकरच्या वतीनं कस्टम्सपुढं कामकाज करता येतं. एफ कार्ड खुद्द परवान्याची परीक्षा पास झालेल्याचं: मालकाचं, भागीदाराचं, संचालकाचं. आपल्या पोराला जी वरून एफ वर जायचं आहे. सगळी धडपड त्या एका पायरीसाठी.

सध्या त्या पायरीचे नियम कस्टम्स ब्रोकर परवाना विनियम २०१८ मध्ये आहेत. १४ मे २०१८ ला ते निघाले. भारताचं नागरिकत्व, आधार, पॅन, दिवाळखोरी नाही, करकायद्याखाली किंवा फौजदारी शिक्षेचा डाग नाही, ऐपतीचा पुरावा, या अटी सरळ आहेत. खरी चाळण शिक्षणाची आणि अनुभवाची. मान्यताप्राप्त विद्यापीठाची पदवी हवी. आणि पदवीच्या जोडीला, एकतर सीए, सीएस, कॉस्ट अकाउंटंट, एमबीए, एलएलबी किंवा कस्टम्स क्लिअरन्सचा मान्यताप्राप्त डिप्लोमा, नाहीतर जी कार्डधारक म्हणून किमान २ वर्षांचा अनुभव. कस्टम्स खात्यातून निवृत्त झालेल्या गट अ अधिकाऱ्यांसाठी वेगळं दार आहे.

इथं एक गोष्ट जपून वाचायची. अनुभव "जी कार्डधारक म्हणून" मोजतात. पाच वर्षं एच कार्डावर घाम गाळला असेल, सगळी कामं पाठ असतील, ब्रोकर डोळे झाकून विश्वास ठेवत असेल, तरी त्या पाच वर्षांचं या अटीपुरतं मोल शून्य. मला हे कठोर वाटतं, पण लिहिलंय ते असं आहे. म्हणून एच कार्डावर "बघू पुढं" म्हणत राहिलेल्या प्रत्येक पोराला मी सांगतो, जी ची परीक्षा आधी दे. घड्याळ त्या दिवशी सुरू होतं.

पदवीचंही तसंच. शिवाजी विद्यापीठाची असो की नोकरी सांभाळत केलेली मुक्त विद्यापीठाची असो, चालते. पण अर्जाच्या वेळी ती हातात हवी. "निकाल लागायचाय" हे उत्तर नाही. सरकारी नोकरभरतीच्या वादांत सर्वोच्च न्यायालयानं १९९७ मध्येच स्पष्ट केलं की पात्रता बघायची ती अर्जाच्या शेवटच्या तारखेला. निकाल नंतर लागून मुलाखतीपर्यंत पात्र झालात, तरी उपयोग नाही. परवान्याच्या परीक्षेची जाहिरात येते तेव्हाही आधी तारीख वाचायची आणि त्या तारखेला आपली पदवी आणि आपली दोन वर्षं पूर्ण होतात का, हे बोटांवर मोजायचं.

मग परीक्षा. ती घेते राष्ट्रीय सीमाशुल्क, अप्रत्यक्ष कर आणि अंमली पदार्थ अकादमी, सगळे तिला नासिन म्हणतात. संगणकावरची परीक्षा, १५० प्रश्न, ४५० गुण. बरोबर उत्तराला ३, चुकलेल्याला उणे १. पास व्हायला ६० टक्के, म्हणजे २७० गुण. त्यानंतर तोंडी परीक्षा. अभ्यासक्रमात कस्टम्सचं मूल्यांकन, वर्गीकरण, परतावे तर आहेतच, पण पिकांवरच्या किडी-रोगांचा १९१४ चा कायदा, पेटंट, कॉपीराइट, परकीय चलन, अन्नसुरक्षा, शस्त्रास्त्रं, अंमली पदार्थ असे शेजारचे कायदेही आहेत. द्राक्षाच्या बागेत वाढलेल्या पोराला तो किडींचा कायदा सोपा जातो, हे मी स्वतः पाहिलंय.

पास झालात म्हणजे परवाना मिळाला, असं मात्र नाही. पुढं आयुक्तांकडं रीतसर अर्ज, शुल्क, बंधपत्र आणि ५ लाखांची तारण रक्कम, आणि मग परवाना. पात्रता, अर्ज, लेखी, तोंडी, परवाना, अशा पाच पायऱ्या लक्षात ठेवा. नियम बदलले की सगळा प्रश्न एवढाच असतो: त्या दिवशी तुम्ही कितव्या पायरीवर उभे होता?

हे नियम किती वेळा बदलले? १९६५, १९८४, २००४, २०१३, २०१८. आणि २०२१ मध्ये एक मोठी दुरुस्ती. म्हणजे एका माणसाच्या नोकरीच्या आयुष्यात दोन-तीनदा पाया हलतो. याचं कारण कायद्याच्या रचनेत आहे. कलम १४६ संसदेनं केलं, पण पात्रता काय, परीक्षा कशी, शुल्क किती, हे ठरवायचा अधिकार त्याच कलमानं केंद्रीय अप्रत्यक्ष कर आणि सीमाशुल्क मंडळाला दिला. मंडळ राजपत्रात अधिसूचना काढतं आणि विनियम बदलतात. संसदेत चर्चा होऊन विधेयक पास व्हायची वाट बघावी लागत नाही. धंदा बदलतो, संगणक येतात, १ जुलै २०१७ ला जीएसटी येतो, तसे विनियमही बदलावे लागतात. यात गैर काही नाही. अडचण येते ती वाटेत असलेल्या माणसाची.

१९८४ आणि २००४ यांतला फरक बघा, म्हणजे ही अडचण डोळ्यांपुढं येईल. १९८४ च्या पद्धतीत आधी तात्पुरता परवाना मिळायचा, माणूस काम करायचा आणि परीक्षा पास झाला की कायमचा परवाना. २००४ ला क्रम उलटला. आधी परीक्षा, मग परवाना. तात्पुरता परवाना हा प्रकारच गेला. आता जो १९८४ ची परीक्षा पास झालाय पण ज्याच्या हातात परवाना नाही, त्याचं काय करायचं? त्याची परीक्षा नव्या नियमांत धरायची, की पुन्हा बसवायचं? नव्या परीक्षेत तर जुन्यात नसलेले विषयही आले होते. हा वाद वर्षानुवर्षं चालला, मंडळाला परिपत्रकं काढावी लागली आणि प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं. त्या लोकांची उमेदीची वर्षं त्यात गेली.

आता कायदा काय म्हणतो ते बघू. हा भाग जरा किचकट आहे. चहा घेऊन बसा.

आमच्याकडं हरिपूरला हळदीची पेवं होती. जमिनीत खोल खणलेली कोठारं, वर्षानुवर्षं हळद टिकायची. २००५ च्या महापुरानं त्यांची वाताहत केली, पण जुन्या माणसांच्या बोलण्यात पेव अजून आहे. पोती मोजून पेवात उतरली की ती हळद तुमची. शिवारात उभी असलेली हळद तुमची असूनही अजून तुमची नाही: करपा येईल, पाऊस येईल, दर पडेल. कायदा हक्कांकडं असंच बघतो. जुन्या नियमाखाली जे पुरं झालं, ते पेवातलं. जे होणार होतं, ज्याची तयारी चालली होती, ते शिवारातलं. नियम बदलल्यावर पेवातलं सहसा राहतं, शिवारातल्याची हमी नसते.

याची कायद्यातली भाषा सापडते सीमाशुल्क कायद्याच्या कलम १५९ए मध्ये. ते म्हणतं, या कायद्याखालचा कुठलाही नियम, विनियम, अधिसूचना बदलली, रद्द केली किंवा तिच्या जागी दुसरी आणली, तर वेगळा हेतू दिसत नसेल तोवर जुन्याखाली मिळालेला हक्क, सवलत, जबाबदारी, देणं, यांना धक्का लागणार नाही. चालू असलेली चौकशी आणि कारवाईही थांबणार नाही. हे कलम २००१ मध्ये घातलं गेलं, आणि ते का घालावं लागलं याची गोष्ट आपल्या शेजारच्या जिल्ह्यात सुरू होते.

कोल्हापूर केनशुगर वर्क्स हा साखर कारखाना. त्याच्यावर केंद्रीय उत्पादन शुल्काच्या एका नियमाखाली वसुलीची नोटीस निघाली. प्रकरण निकाली निघायच्या आत, १९७७ मध्ये, तो नियमच गेला, त्याच्या जागी दुसरा आला. कारखाना म्हणाला, ज्या नियमाखाली नोटीस दिली तो नियमच उरला नाही, मग वसुली कशी? सरकार म्हणालं, जनरल क्लॉजेस ॲक्ट १८९७ चं कलम ६ आहे ना, कायदा रद्द झाला तरी जुनी प्रकरणं चालू राहतात. २००० मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायाधीशांच्या घटनापीठानं कारखान्याची बाजू घेतली. कलम ६ चं संरक्षण संसदेच्या कायद्याला आहे. खात्यानं केलेल्या नियमाला ते आपोआप लागू होत नाही. नियम काढताना "जुनी प्रकरणं चालू राहतील" असं लिहून ठेवलं नसेल, तर प्रकरण तिथंच संपलं.

कलम ६ मध्ये "रेग्युलेशन" हा शब्दही आहे, त्यामुळं पुष्कळांचा गोंधळ होतो. ब्रोकरच्या विनियमांनाही आपण रेग्युलेशनच म्हणतो. पण त्या कायद्यातलं रेग्युलेशन वेगळं, राज्यघटनेखाली किंवा त्याआधीच्या भारत सरकार कायद्यांखाली काढलेलं. नावात साम्य आहे म्हणून हक्क मिळत नाही.

या निकालानं खात्याची झोप उडाली, कारण उद्या प्रत्येक जण म्हणेल, नियम बदलला, माझी नोटीस मेली. म्हणून पुढच्याच वर्षी संसदेनं सीमाशुल्क कायद्यात १५९ए घातलं. सरकारनं ते आपल्या वसुलीसाठी केलं असेल, पण कलमाचे शब्द दोन्ही बाजूंना लागतात. खात्याची जुनी वसुली वाचते, तसा तुमचा जुना हक्कही वाचतो. तासगावच्या पोरासाठी हे एक कलम म्हणजे मोठी ढाल आहे. २०१८ च्या विनियमांच्या सुरुवातीलाही २०१३ चे विनियम मागं घेताना "त्याआधी केलेल्या किंवा करायच्या राहिलेल्या गोष्टी वगळून" अशा अर्थाचे शब्द आहेत. अधिसूचना वाचताना लोक हा शब्दसमूह सोडून पुढं जातात. तो सोडू नका. पेवाचं झाकण तेच आहे.

ढाल कुठपर्यंत पुरते, हे सांगितलं नाही तर मी तुम्हाला फसवल्यासारखं होईल. कलम वाचवतं "मिळालेला" हक्क. दोन वर्षं भरत आलीत, हा मिळालेला हक्क नाही. ती आशा आहे. पावणेदोन वर्षं झालेली असताना अट पाच वर्षांची झाली, तर "जुन्या अटीनं माझी दोन वर्षं पुढच्या तिमाहीत भरणार होती" या म्हणण्याला कायद्यात फार आधार नाही.

बरं, दोन वर्षं भरली, अर्जही केला, आणि अर्ज टेबलावर असताना नियम बदलला तर? इथं १९८१ चा सर्वोच्च न्यायालयाचा हिंद स्टोन निकाल आडवा येतो. तामिळनाडूत काळ्या ग्रॅनाइटच्या खाणींचा वाद होता. लोकांनी लीजसाठी, लीजच्या नूतनीकरणासाठी अर्ज केले होते, ते पडून राहिले, आणि मधेच राज्यानं नियम बदलून खासगी माणसाला लीज द्यायचं बंद केलं. अर्जदार म्हणाले, आमचे अर्ज जुन्या नियमानं बघा, उशीर तुमच्यामुळं झाला. न्यायालय म्हणालं, लीज मिळालंच पाहिजे असा तुमचा हक्क तयार झालेला नव्हता, अर्ज केला म्हणून तो तयार होत नाही. अर्ज ज्या दिवशी निकाली निघेल, त्या दिवशी जो नियम असेल तो लागू.

हा निकाल वाचून मला पहिल्यांदा वाईट वाटलं होतं, आणि अजून वाटतं. अर्ज आठ दिवसांत बघायचा की आठ महिन्यांत, हे अर्जदाराच्या हातात नसतं. पण खाणीचं लीज आणि धंद्याचा परवाना या दोन्हींत सरकार तुम्हाला काहीतरी "देत" असतं, आणि द्यायच्या दिवशीचा नियम बघतं, हा विचार कायद्यात पक्का रुजलेला आहे. त्याच्याशी भांडत बसण्यापेक्षा तो गृहीत धरून चाललेलं बरं.

लेखी पास, तोंडी बाकी, अशा माणसाची जागा सगळ्यांत नाजूक. लेखीचा निकाल कागदावर आहे, तो पुसला जात नाही. पण तो निकाल नव्या नियमांत परवान्यासाठी पुरेसा धरायचा का, हे नव्या नियमांत काय लिहिलंय त्यावर जातं. १९८४ च्या पास झालेल्यांचं भांडण नेमकं याच जागी अडकलं होतं. म्हणून विनियम बदलल्याची बातमी आली की बातमी वाचून थांबायचं नाही. मूळ अधिसूचना उघडायची आणि त्यात जुन्या परीक्षेचा उल्लेख कुठं येतो ते शोधायचं. असेल तर त्याच्या अटी वाचायच्या. नसेल तर १५९ए चा आधार घेऊन आयुक्तालयात लेखी विचारायचं. तोंडी विचारलेलं उत्तर उद्या कुणाच्या लक्षात राहत नाही.

आणि ज्याच्या हातात आधीच परवाना आहे? त्याचा परवाना पेवात आहे, तो नव्या पात्रतेच्या अटींनी सहसा जात नाही. २०१८ ला कुणी जुन्या ब्रोकरला जाऊन पदवी दाखव म्हणालं नाही. पण वागण्याचे नवे नियम त्याला पहिल्या दिवसापासून लागू. आज विनियम १० प्रमाणं ब्रोकरनं आपल्या गिऱ्हाइकाचा आयात-निर्यात कोड, जीएसटी क्रमांक, ओळख आणि दिलेल्या पत्त्यावर तो खरंच धंदा करतो का, हे तपासायचं असतं. "मी जुन्या नियमातला" हे तिथं चालत नाही. जुन्या नियमाच्या काळात केलेला गुन्हाही नियम बदलल्यानं धुतला जात नाही, ते काम १५९ए चं दुसरं टोक करतं.

कधी बदल फायद्याचाही होतो. पूर्वी परवाना दहा वर्षांचा असे आणि मग नूतनीकरण. २३ जुलै २०२१ च्या दुरुस्तीनं नूतनीकरण काढून टाकलं, परवाना आयुष्यभराचा झाला. पण वर्षभर काहीच काम केलं नाही तर तो निष्क्रिय ठरवता येतो, ही अट त्याच्याबरोबर आली. आमच्या भागात एकदोघांनी परवाना घेऊन ठेवलाय आणि शेती बघतात. त्यांनी ही ओळ भिंतीवर लिहून ठेवावी.

माझं एक म्हणणं आहे, आणि ते मी जिथं संधी मिळेल तिथं मांडतो. नियम बदलणाऱ्यानं नव्या नियमांतच वाटेत असलेल्यांचा परिच्छेद लिहावा. ज्याचा अर्ज अमुक तारखेपूर्वी आला त्याला जुनी अट, ज्याची लेखी झाली त्याला तोंडीसाठी इतकी मुदत, जुन्या कार्डावरचा अनुभव असा मोजणार. चार ओळी लागतात. त्या चार ओळी नसल्या की मोठ्या शहरातली पेढी वकील लावते, आणि उरणला चौघांत खोली घेऊन राहणारा पोरगा गप्प बसतो, कारण उच्च न्यायालयाची पायरी चढायला त्याच्याकडं ना रजा असते ना पैसा. अटी कडक करायला माझा विरोध नाही. बंदरातून काय जातं आणि काय येतं, ही देशाच्या सुरक्षेची गोष्ट आहे, तिथं शिकलेला, स्वच्छ माणूसच हवा. पण कडक अट आणि अंधारातली अट यात फरक आहे.

आता परत त्या मुलाकडं येतो, कारण त्याच्याशी बोलता बोलता खरी अडचण वेगळीच निघाली. त्याची दोन वर्षं सलग एका ब्रोकरकडं नव्हती. पहिले चौदा महिने एकाकडं, मग दुसऱ्याकडं. नोकरी बदलली की जुनं जी कार्ड परत करावं लागतं, नव्या ब्रोकरच्या नावानं नवं निघतं. परीक्षा पुन्हा द्यावी लागू नये अशी सोय आहे, त्यामुळं पोरं निर्धास्त असतात. यानंही कार्ड परत केलं. झेरॉक्स काढून ठेवली नव्हती. फोटोही नव्हता. माझ्या वहीवर पडलेल्या कार्डावर फक्त दुसऱ्या नोकरीची तारीख होती. म्हणजे अर्ज भरायला बसला असता तर कागदावर त्याचा अनुभव जेमतेम दहा महिन्यांचा.

"पहिल्या मालकाकडनं पत्र आण," मी म्हणालो.

"तो फोन उचलत नाही काका. सोडताना जरा बोलाचाली झालती."

चौदा महिन्यांची हळद त्यानं पिकवली होती, पेवातही घातली होती, आणि पोती मोजल्याची चिठ्ठी हरवली होती. मालकाचं पत्र मिळालं असतं तर बरंच झालं असतं, पण जी कार्ड देतं कस्टम्सचं कार्यालय, आणि कधी दिलं, कधी परत आलं, याची नोंद त्यांच्याकडं असणार. मालकाच्या मर्जीवर ते अवलंबून नाही. म्हणून आम्ही दोघांनी तिथंच, पोत्यांच्या थप्पीवर पाठ टेकून, दोन अर्ज लिहिले. एक साधा: माझ्या नावाच्या कार्डाची दिल्याची आणि जमा केल्याची तारीख दाखवणारा दाखला मिळावा. परीक्षेचं वर्ष, जुन्या ब्रोकरचं नाव, त्याला आठवेल तेवढं सगळं त्यात घातलं. दुसरा माहितीच्या अधिकाराखाली, तीच माहिती मागणारा, म्हणजे पहिल्याला उत्तर आलं नाही तरी दुसऱ्याची मुदत ३० दिवसांची आहे.

दुसऱ्या अर्जाला दहा रुपयांची पोस्टल ऑर्डर लागते. त्यानं घड्याळ बघितलं, पोस्ट बंद व्हायला अर्धा तास होता. कार्ड परत पाकिटात घालता घालता थांबला, मोबाईल काढला आणि दोन्ही बाजूंचे फोटो घेतले. मग अर्ज शर्टाच्या आत सरकवून गाडीला किक मारली.